परीक्षेची धास्ती आणि मुलांचे आरोग्य
(प्राथमिक शिक्षकांकरिता अभ्यासपाठ)

उद्देश : परीक्षेच्या काळात मुलांच्या शरीरात कोणते फेरफार होतात, त्यांचा रोगप्रतिकारशक्तीशी कोणता संबंध आहे, आणि या बाबतीत खेड्यातील शिक्षकाच्या हाती काय आहे, याचा परिचय करून देणे.

१. विषयाचे महत्त्व

एके काळी 'दिपोटी येणार' एवढी वार्ता आली की खेड्यातील शाळा सारवली जाई, पाट्या घासल्या जात आणि मुलांच्या तोंडचे पाणी पळे. सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेचा दराराही तसाच होता. आज ती परीक्षा नाही आणि दिपोटींचा तो दराराही उरलेला नाही. तथापि परीक्षेची धास्ती मात्र शाळेतून गेलेली नाही; तिने केवळ नाव बदलले आहे. शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा आणि सैनिक शाळेची प्रवेश परीक्षा यांच्या तयारीत सातारा व सांगली जिल्ह्यांतील कित्येक शाळा वर्षभर गुंतलेल्या असतात. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली सातारा येथेच निघाली, त्यामुळे या भागात त्या परीक्षेचे आकर्षण विशेष आहे. नवोदय व सैनिक शाळा यांत सहावीच्या वर्गासाठी प्रवेश असल्याने परीक्षार्थी मूल अवघे दहा-अकरा वर्षांचे असते.

या परीक्षांचा काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. हिवाळ्याची अखेर आणि उन्हाळ्याचा आरंभ हाच तो काळ. या दिवसांत माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत शाळूची काढणी चालू असते. तासगाव-मिरजेकडे द्राक्षांचा व बेदाण्याचा हंगाम असतो. कऱ्हाड-वाळव्याकडे ऊसतोड चालू असते. आईवडील पहाटे घर सोडतात ते दिवेलागणीस परततात. मुलाची न्याहारी चुकते, रात्री उशिरापर्यंत वाचन चालते, पहाटे जादा तासासाठी त्याला उठविले जाते. अशा वेळी जे मूल वर्षभर धडधाकट होते तेच परीक्षेच्या तोंडावर सर्दी-पडशाने बेजार होते, पोट दुखते म्हणून रडते, ओकाऱ्या काढते. घरची माणसे म्हणतात, दृष्ट लागली. शाळेत म्हणतात, नाटक करतो. या दोन्ही निदानांत मुलावर अन्याय होण्याचा संभव आहे. त्याच्या शरीरात खरोखर काय घडते, हे शिक्षकाने जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

२. भीती शरीरात कशी उतरते

'पोटात गोळा आला', 'तोंडाला कोरड पडली', 'हातपाय गार पडले', 'छातीत धडधडले', 'दरदरून घाम फुटला' : भीतीचे वर्णन करणारे हे वाक्प्रचार मराठी भाषेत रूढ आहेत. हे अलंकार नव्हेत. ही शरीरात प्रत्यक्ष घडणाऱ्या घटनांची बिनचूक नोंद होय.

संकटाची चाहूल लागताच मेंदूकडून मज्जातंतूंच्या वाटे मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो, आणि त्यांच्या गाभ्यातून अॅड्रेनॅलिन नावाचा स्राव रक्तात मिसळतो. अशा स्रावांना संप्रेरके अथवा हार्मोन म्हणतात. अॅड्रेनॅलिनचे कार्य दवंडीसारखे आहे; ते क्षणात साऱ्या शरीरभर पोहोचते. हृदय जलद चालू लागते. त्वचेकडील व पोटाकडील रक्त कमी होऊन ते स्नायूंकडे वळते, म्हणून हात गार पडतात. लाळ आटते, म्हणून तोंडास कोरड पडते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या जठराचे निरीक्षण करीत असता असे पाहिले की मांजर बिथरताच जठराची हालचाल थांबते. भ्यालेल्या मुलाच्या पोटातील गोळ्याचे मूळही याच जातीचे आहे. 'लढा किंवा पळा' अशी ही शरीराची सिद्धता असते. वाघ समोर आला असता ती उपयोगी. परंतु प्रश्नपत्रिकेपुढे लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. सर्व सिद्धता अंगातच कोंडून राहते.

दुसऱ्या संप्रेरकाचे नाव कॉर्टिसॉल. याची वाट लांबची आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातून प्रथम जवळच्या पोषग्रंथीस आज्ञा जाते. पोषग्रंथी आपला स्राव रक्तात सोडून ती अधिवृक्क ग्रंथीस कळविते. आणि मग त्या ग्रंथीच्या बाह्य भागातून कॉर्टिसॉल निघते. जिल्ह्याहून तालुक्यास व तालुक्याहून शाळेस परिपत्रक यावे, तसाच हा प्रकार आहे. काम झाल्याचा अहवाल वर पोहोचला म्हणजे प्रकरण बंद होते. त्याचप्रमाणे रक्तातील कॉर्टिसॉल पुरेसे वाढल्याचे मेंदूस कळले की तो पुढील आज्ञा थांबवितो. निरोगी शरीरात कॉर्टिसॉलचे प्रमाण सकाळी उठण्याच्या सुमारास सर्वांत अधिक व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. त्याच्यामुळे रक्तात साखर उपलब्ध होते, अंगी तरतरी येते आणि शरीरातील दाह आटोक्यात राहतो. सारांश, कॉर्टिसॉल हा शत्रू नव्हे. मात्र चिंता दररोज नव्याने उद्भवली तर आज्ञाही दररोज नव्याने निघतात, आणि प्रकरण बंद असे होतच नाही. निरनिराळ्या त्रासांना शरीर एकाच ठराविक रीतीने प्रतिसाद देते, आणि त्रास लांबला तर अखेरीस थकते, हा विचार हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली प्रथम मांडला. आज ज्यास सर्वजण 'ताण' म्हणतात त्याच्या अभ्यासाचा पाया तेथे घातला गेला.

३. रोगप्रतिकारशक्तीशी संबंध

कॉर्टिसॉल दाह आवरते, याचाच दुसरा अर्थ असा की ते रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पेशींनाही आवरते. त्याच जातीच्या कॉर्टिसोन या द्रव्याचा संधिवातावर उपयोग होतो हे दाखविल्याबद्दल आणि अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवरील संशोधनाबद्दल केंडल, राइखस्टाइन व हेंच या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. दमा, संधिवात यांसारख्या विकारांत डॉक्टर या वर्गातील औषधे देतात. आणि दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविलेल्या रोग्याच्या शरीराने ते परके म्हणून झिडकारू नये, यासाठीही ती देतात. यावरून या द्रव्यांचे प्रतिकारशक्तीवरील वर्चस्व स्पष्ट होते.

परीक्षेचा प्रत्यक्ष परिणाम पाहण्याचे काम अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर व रोनाल्ड ग्लेझर या पतिपत्नींनी केले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या ७५ विद्यार्थ्यांचे रक्त दोनदा तपासले होते : एकदा अंतिम परीक्षेपूर्वी एक महिना आणि पुन्हा परीक्षेच्या पहिल्या दिवशी. विषाणूंनी ग्रासलेल्या पेशींचा नाश करणाऱ्या 'नैसर्गिक मारक पेशी' रक्तात असतात. त्यांचे बळ परीक्षेच्या दिवशी उतरलेले आढळले. विशेष हे की ज्या विद्यार्थ्यांना एकाकीपणा अधिक जाणवत होता त्यांच्यात हे बळ इतरांपेक्षा कमी होते.

दुसरा प्रयोग १९९८ सालचा. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर त्यांच्या संमतीने साडेतीन मिलिमीटर व्यासाची लहानशी जखम करण्यात आली. एकदा उन्हाळी सुटीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरून येण्यास सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के, अधिक वेळ लागला. अकरांपैकी एकाचीही जखम परीक्षेच्या काळात सुटीतल्यापेक्षा लवकर भरली नाही.

तिसरा अभ्यास १९९२ सालचा असून तो काविळीच्या एका प्रकाराविरुद्ध, म्हणजे हिपॅटायटिस बी विरुद्ध, दिल्या जाणाऱ्या लसीचा आहे. वैद्यकाच्या ४८ विद्यार्थ्यांना परीक्षासत्राच्या शेवटच्या दिवशी ही लस टोचली गेली. ज्यांच्या मनावर ताण व चिंता कमी होती, त्यांच्या रक्तात लसीचा गुण लवकर दिसून आला. आणि ज्यांना आप्तमित्रांचा आधार अधिक होता, त्यांचा प्रतिसाद अधिक जोमदार ठरला.

४. या ज्ञानाची मर्यादा

वरील प्रयोग वाचून 'परीक्षेने मुले आजारी पडतात' असा सरसकट निष्कर्ष काढणे युक्त नव्हे. हे विद्यार्थी प्रौढ होते, खेड्यातील दहा वर्षांची मुले नव्हती. पेशींचे बळ काहीसे उतरले म्हणजे रोग जडलाच असेही नाही. २००४ साली सेगरस्ट्रॉम व मिलर यांनी तीस वर्षांतील सुमारे तीनशे अभ्यासांचा एकत्र विचार केला. त्यातून असे दिसले की काही मिनिटांच्या ताणाने प्रतिकारशक्तीची पहिली फळी उलट सज्ज होते. परीक्षेसारख्या काही दिवसांच्या ताणाने तिचा समतोल बदलतो व विषाणूंशी झुंजणारी बाजू दबते. आणि महिनोन् महिने चालणाऱ्या ताणाने मात्र तिची जवळजवळ सर्वच अंगे दुबळी होतात.

शिक्षकाच्या दृष्टीने यातील बोध महत्त्वाचा आहे. तीन तासांची परीक्षा मुलाचे काही बिघडवीत नाही. थोडी हुरहूर तर त्याला जागे ठेवते. घात होतो तो त्या तीन तासांची सावली सहा महिने मुलाच्या डोक्यावर धरल्याने.

आणखी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. प्रत्येक पोटदुखी धास्तीचीच असते असे नाही. जंत, दूषित पाणी, उपासमार, ऊन लागणे यांनीही पोट दुखते. ताप हटत नसेल, वजन घटत असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत येणाऱ्या वैद्यकीय पथकासही अशा मुलांची नावे आवर्जून द्यावी.

५. पाठ असलेले विसरते ते का

'काल धडाधडा म्हणून दाखविले आणि आज एक अक्षर आठवत नाही,' ही तक्रार प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहे. अशा वेळी मुलास निष्काळजी ठरविले जाते. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी प्रौढांना कॉर्टिसोनची गोळी दिली असता आदल्या दिवशी शिकलेले शब्द आठवणे त्यांना कठीण गेले. शब्द स्मृतीत होते, पण हाती लागत नव्हते. कणगीत धान्य आहे, पण तोंड बांधलेले आहे, अशी ही अवस्था होय. घाबरलेल्या मुलावर ओरडणे म्हणजे ती गाठ अधिक घट्ट करणे होय. दोन मिनिटे धीर दिला, घोटभर पाणी दिले व सोपा प्रश्न प्रथम सोडवू दिला, तर गाठ सैल होण्याचा संभव अधिक.

६. संगतीचे बळ : साताऱ्याचा धडा

ओहायोच्या अभ्यासांत एकाकीपणा आणि आधार या दोन गोष्टी पुनःपुन्हा पुढे आल्या. या संदर्भात सातारा जिल्ह्यातील शिक्षकांना आपल्याच भूमीतील एक उदाहरण आठवणे स्वाभाविक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह चालू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. नाना जातिधर्मांची, बहुधा गरीब घरची मुले तेथे एका पंक्तीस जेवत, श्रम करीत व एकत्र अभ्यास करीत. तेथे कोणी कॉर्टिसॉल मोजले नव्हते, आणि त्या काळी ते शक्यही नव्हते. पण घरापासून दूर आलेले मूल एकटे पडू नये, त्याच्या दिवसात अभ्यासाबरोबर अंगमेहनत, वेळेवर जेवण आणि सोबत असावी, ही व्यवस्था त्या वसतिगृहात होती. विज्ञानाने पुढे जे मोजून दाखविले, त्याच्याशी ही व्यवस्था पुष्कळ अंशी जुळते. शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या चार हुशार मुलांना वर्गातून वेगळे काढून, खेळ बंद करून, एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून बसविणे ही त्याच्या उलट दिशा होय.

७. शिक्षकाने करावयाच्या गोष्टी

(१) झोप : सहा ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप आवश्यक असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रौढ स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले असता, सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना आठ तास वा अधिक झोपणाऱ्यांपेक्षा सर्दी होण्याचा संभव जवळजवळ तिप्पट आढळला. म्हणून रात्रीची अभ्यासिका आणि पहाटेचा जादा तास ही दोन्ही एकाच मुलावर लादू नयेत. बावधनच्या बगाडासारखे उत्सव व गावोगावच्या यात्रा याच सुमारास येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री तरी मुलास जागरण घडू नये, हे पालकांस सांगून ठेवावे.

(२) आहार : शाळेतील दुपारचे भोजन परीक्षेच्या दिवसांतही वेळेवर व पोटभर मिळेल असे पाहावे. परीक्षेचे केंद्र परगावी असल्यास मुलांबरोबर भाकरी व स्वच्छ पाणी असल्याची खात्री करावी. उपाशी मुलाच्या पोटातील गोळा दुप्पट असतो.

(३) खेळ : परीक्षा जवळ आली म्हणून खेळाचा तास बंद करू नये. ज्या हालचालीसाठी शरीर सिद्ध झालेले असते, ती हालचाल त्यास मिळाली म्हणजे ताण निवळण्यास मदत होते.

(४) सराव : लहान लहान चाचण्या वारंवार, हसतखेळत व गुणांचा गवगवा न करता घ्याव्या. परीक्षेची रीत अंगवळणी पडली की तिची भीती कमी होते. केंद्र परगावी असेल तर मुलांना ते आधी एकदा दाखवून आणावे.

(५) शब्द : 'शाळेची अब्रू तुझ्या हाती आहे', 'तुझ्यासाठी बाप उन्हात राबतो', ही वाक्ये प्रेमाने उच्चारली तरी मुलाच्या मनावर धोंड्यासारखी पडतात. त्याऐवजी 'जेवढे येते तेवढे नीट लिही. उरलेले आल्यावर पाहू' असे सांगावे. निकालानंतर यशस्वी मुलांचा फलक चौकात लागतो. त्या दिवशी फलकावर नाव नसलेल्या मुलांशी शिक्षकाने आपण होऊन बोलावे.

(६) लेखन : २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली भीती कागदावर उतरविणाऱ्या चिंतातुर विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारलेली आढळली. वरच्या वर्गांत हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. तो कागद तपासू नये व कोणास वाचून दाखवू नये.

(७) शिक्षा : बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करते. कमी गुणांवरून वर्गासमोर हिणविणे हाही छळच होय. कायदा नसता तरी शरीरशास्त्राने हेच सांगितले असते.

(८) साहाय्य : मूल अनेक आठवडे खात नसेल, झोपत नसेल, कोणाशी बोलत नसेल, किंवा जगणे नको असे शब्द त्याच्या तोंडून निघाले, तर ते बोलणे कधीही थट्टेवारी नेऊ नये. त्यास एकटे सोडू नये. पालकांस तात्काळ बोलवावे व आरोग्य केंद्रामार्फत तज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

८. वर्गात घ्यावयाचा पाठ

इयत्ता : पाचवी ते आठवी. वेळ : एक तास. साहित्य : सेकंदकाटा असलेले घड्याळ, फळा, खडू.

प्रथम मुलांना मनगटावरील नाडी कशी पाहावी हे शिकवावे. स्वस्थ बसून एक मिनिटाचे ठोके प्रत्येकाने वहीत लिहावे. नंतर सर्वांनी मैदानास एक फेरी धावून मारावी व लगेच ठोके मोजावे. त्यानंतर पाच मिनिटे डोळे मिटून सावकाश श्वास घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा, आणि तिसऱ्यांदा मोजावे. तिन्ही आकडे फळ्यावर मांडून मुलांना विचारावे : "न धावताही छाती कधी धडधडते?" मुले अंधार, कुत्रा, साप यांची नावे घेतील, कोणीतरी परीक्षेचेही घेईल. मग वरील दोन संप्रेरकांची गोष्ट सोप्या भाषेत सांगावी. शेवटी एवढे ठसवावे की धडधडणे हा भित्रेपणा नव्हे, ती शरीराची तयारी आहे. आणि सावकाश श्वासाने ती हाताळता येते, हे प्रत्येकाने आताच आपल्या नाडीवर पाहिले आहे. कोणाचे ठोके जास्त व कोणाचे कमी, याची तुलना मात्र करू नये. हीही परीक्षा होऊ नये.

९. केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

(१) गेल्या वर्षी परीक्षेच्या महिन्यात शाळेतील गैरहजेरी इतर महिन्यांपेक्षा अधिक होती काय? हजेरीपटावरून पाहावे. तिची कारणे हंगाम, हवामान, आजार व धास्ती यांत कशी विभागता येतील?

(२) जादा तासांच्या वेळापत्रकात मुलाच्या झोपेचे तास किती उरतात? ते प्रत्यक्ष मांडून पाहावे.

(३) परीक्षेस न बसविलेल्या मुलांकडे त्या महिन्यांत किती लक्ष पुरविले जाते?

(४) पालकसभेत हा विषय मांडावयाचा झाल्यास, शेतावरून दमून आलेल्या आईबापांस पाच मिनिटांत कोणत्या दोन गोष्टी सांगाव्या?

परीक्षा घेणे किंवा न घेणे हे सर्वस्वी शिक्षकाच्या स्वाधीन नाही. तिचे ओझे मुलाच्या अंगावर किती दिवस राहावे, हे मात्र पुष्कळ अंशी त्याच्याच स्वाधीन आहे. उत्तीर्ण झालेले मूल शाळेचे नाव काढील. परंतु निकाल काहीही लागला तरी जूनमध्ये निरोगी शरीराने व हसऱ्या तोंडाने पुन्हा वर्गात येऊन बसणारे मूल, हीच शाळेची खरी कमाई समजावी.